पाण्यातील आगंतुक

उन्हाळ्याच्या दिवसांत पुण्याला मुळा-मुठेच्या पुलावरून, किंवा इचलकरंजीच्या बाजूला पंचगंगेच्या पुलावरून आपण कधी गेला असाल, तर एक देखावा आपल्या नजरेतून सुटला नसेल. पुलाखाली नदी असायला हवी, तिथे हिरवेगार रान माजलेले असते. या काठापासून त्या काठापर्यंत पानेच पाने, आणि मधून मधून फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. एखादे लहान मूल बरोबर असले तर ते हमखास विचारते, "बाबा, या शेतात काय लावलंय हो?"

त्या शेतात कोणी काही लावलेले नाही. ती जलपर्णी. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या जलपर्णीविषयी आणि तिच्यासारखेच परमुलखातून येऊन आपल्या पाण्यात ठाण मांडून बसलेल्या इतर पाहुण्यांविषयी. मी भूगोलाचा मास्तर. वनस्पती आणि मासे हे काही माझे विषय नव्हेत. तरीसुद्धा बोलण्यासाठी हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. तो का, हे थोड्या वेळाने सांगेन. ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. परदेशातून आलेले ते सगळे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हटले तर आपल्या जेवणातली मिरची उचलावी लागेल, उपवासाचा बटाटा उचलावा लागेल, परसातला पेरूही तोडावा लागेल. ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पण ती आपल्या शेतात, आपल्या हाताखाली नांदली. आपण लावली तर उगवली. आगंतुकाची गोष्ट निराळी. तो आपल्या हातातून सुटतो, आपल्या मदतीवाचून वाढतो आणि घरच्यांना हुसकून लावतो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झाली नाही.

हे असे का होते? प्रत्येक जीवाला त्याच्या जन्मभूमीत वेसण घालणारे कोणी ना कोणी असते. पाने कुरतडणारा किडा असतो, पिलांना गिळणारा मासा असतो, एखादा रोग असतो. आपण त्या जीवाला उचलून दूर देशी नेतो, तेव्हा त्याचे शत्रू मात्र मागेच राहतात. मग त्याला मोकळे रान मिळते. 2023 साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांशी संबंधित अशा एका मंडळातर्फे याचा आढावा घेतला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या आणि नव्या जागी रुजलेल्या जातींची संख्या त्यांनी 37,000 च्या वर सांगितली, आणि त्यांपैकी 3,500 हून अधिक जाती उपद्रवी ठरल्याचे नोंदवले. म्हणजे दहांतली एक. नऊ पाहुणे सभ्य निघतात. पण दहावा कोण, हे पाण्यात सोडण्यापूर्वी आपल्याला कळत नाही. खरी मेख आहे ती इथे.

आता जलपर्णीकडे वळू. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे. फुलासाठी, शोभेसाठी हौशी लोकांनी ती देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिने तिथल्या नद्या, खाड्या आणि भाताची खाचरे व्यापून टाकली. होड्या चालेनात, मासे मिळेनात, पीक बुडू लागले. अखेर 1936 साली बंगाल सरकारला या एका वनस्पतीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला; आणि 1937 च्या निवडणुकीत तर जलपर्णी नाहीशी करण्याचे वचन पक्षांच्या जाहीरनाम्यांत आले. एका फुलझाडाने निवडणुकीच्या राजकारणात शिरावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तिच्या वाढीचे गणित मी वर्गात मुलांना फळ्यावर करून दाखवतो. ऊन चांगले असावे आणि पाणी पोषक असावे, म्हणजे एका रोपाची दोन रोपे व्हायला साधारण दोन आठवडे पुरतात. दोनाची चार, चाराची आठ. अशी दहा वेळा दुप्पट केली की एकाची हजारावर जातात. वीस वेळा केली की दहा लाखांवर. वीस दुपटी म्हणजे चाळीस आठवडे. वर्षसुद्धा पुरे होत नाही. हे कागदावरचे गणित आहे, हे मी कबूल करतो. प्रत्यक्षात थंडी आड येते, जागा अपुरी पडते. पण तळे भरायला त्यातला थोडासा भागही पुरे होतो. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. वरची पाने काढून आपण हात धुतो. खाली चिखलात पुढच्या पिढीची बेगमी झालेली असते.

पाण्यावर असे छप्पर पडले की खाली उजेड पोचत नाही. उजेड नाही म्हणून पाण्यातले शेवाळ आणि इतर वनस्पती मरतात. कुजणाऱ्या पानांपायी पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. पानांच्या आडोशाला, साचलेल्या पाण्यात डासांची चैन होते. उघड्या पाण्याची जेवढी वाफ होते तिच्याहून अधिक पाणी ही पाने हवेत सोडून देतात, असे अनेक मोजमापांत आढळले आहे. दुष्काळी मुलखात ही चैन कोणाला परवडणार?

आता माझी गोष्ट सांगतो.

वीस वर्षे होऊन गेली असतील. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो. मुलांची सहल घेऊन गेलो असताना नदीकाठी मला हे जांभळे फूल दिसले. एका पाकळीवर मोराच्या पिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. मी भुललो. दोन रोपे प्लास्टिकच्या पिशवीत घातली, एस.टी.ने गावी नेली आणि परसातल्या दगडी हौदात सोडली. आईला कौतुक वाटले. शेजारच्या बायका पाहून गेल्या. दोन महिन्यांत हौद भरला. तेव्हा मी काय केले? जास्तीची रोपे उपसली, घमेल्यात भरली आणि परसामागच्या ओढ्यात टाकून दिली. ओल्या कचऱ्याला ओढ्याची वाट दाखवायची, ही आपली सर्वांचीच सवय. माझ्या मनात दुसरे काही आलेही नाही.

तो ओढा आमच्या गावच्या तलावाला मिळतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून गावकऱ्यांनी हा तलाव बांधला. त्या कामावर ज्यांनी तरुणपणी पाट्या वाहिल्या, त्यांपैकी एक आमचे तात्या भोई. तलावात जाळे टाकून त्यांचे घर चालत असे. तिसऱ्या उन्हाळ्यात मी सुटीला गेलो तेव्हा तात्या बांधावर बसले होते. मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकल्याली माणसं. हे हिरवं काय म्हणायचं? बघाया झ्याक दिसतंय, पण जाळं टाकाया जागा न्हाई राहिली."

मी तलावाकडे पाहिले. जवळजवळ अर्धे पाणी पानांखाली गेले होते, आणि पानांवर तीच जांभळी फुले होती. मी तात्यांना वनस्पतीचे नाव सांगितले, देश सांगितला, खंड सांगितला. ती तिथे कशी आली, एवढे मात्र सांगितले नाही.

पुढची दोन वर्षे माझे विद्यार्थी आणि गावकरी यांनी श्रमदान करून ती उपसली. कंबरभर पाण्यात उभे राहून माणसे दिवस दिवस ओढत असत. ओली जलपर्णी म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. एक पाटी उचलायला दोघे लागत. मग एका उन्हाळ्यात तलाव पार आटला. आम्हाला वाटले, सुटलो. पाऊस झाला, पाणी साचू लागले, आणि काठच्या चिखलातून बोटबोटभर रोपे वर आली. त्या दिवशी मला राहवले नाही. मी तात्यांना सारे सांगून टाकले. त्यांनी हातातले रोप मुळासकट उपटून बांधावर टाकले आणि म्हणाले, "म्हायती हाय मला, सर. वढा तुमच्याच परसातनं येतोय न्हवं?" आणि ते पुन्हा वाकून उपटू लागले. त्यापुढे ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

श्रोतेहो, हा विषय मी का मागून घेतला, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. हे आगंतुक पाण्यात येतात ते बहुतेक वेळा कोणा दुष्टाच्या हातून येत नाहीत. हौस, निष्काळजीपणा आणि कधी कधी चांगला हेतू, यांच्याच हातून येतात.

चांगल्या हेतूची उदाहरणे पाहा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून 1928 साली गॅम्बुसिया नावाचा अमेरिकेतला मासा आपल्या देशात आणण्यात आला. तो अळ्या खातो, हे खरे. पण इतर माशांची अंडी आणि पिले यांनाही तो सोडत नाही. आपल्या ओळखीचा गप्पी मासाही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बंदिस्त हौदात त्याचा उपयोग करायचा तर आरोग्य खात्याच्या सल्ल्याने जरूर करावा. ओढ्यात, नदीत आपण होऊन सोडू नये. 1952 साली लोकांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून आफ्रिकेतला तिलापिया आणला. त्यालाच उजनीच्या काठावर 'चिलापी' म्हणतात. तिथल्या कितीतरी भोई कुटुंबांची आज त्याच्यावर गुजराण होते, हेही नाकारता येत नाही. पण तो भराभर वाढतो, वारंवार पिले देतो, आणि जिथे माजतो तिथे मूळच्या माशांना खायला आणि राहायला जागा ठेवत नाही. एकदा आलेला पाहुणा परत धाडता येत नाही. नफा आणि तोटा दोन्ही आपल्या गळ्यात पडतात.

आफ्रिकन मांगूर मात्र निव्वळ तोट्याचा. हा खादाड मासा समोर येईल ते गिळतो आणि घाणेरड्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तगतो. पुरात शेततळी फुटली की तो नदीत जातो. 2000 साली केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली. तरीही चोरून त्याची पैदास करणारे आहेत, आणि स्वस्त म्हणून विकत घेणारेही आहेत. म्हणून मांगूर घेताना तो देशी की आफ्रिकन, हे विक्रेत्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.

हौसेची उदाहरणे तर आपल्या दिवाणखान्यातच सापडतात. काचेच्या पेटीत मासे ठेवणारे 'सकर' नावाचा मासा आणतात. तो काचेवरचे शेवाळ खरवडून खातो. आणताना बोटाएवढा असतो. पुढे हातभर होतो, पेटीत मावत नाही, आणि मारवत नाही म्हणून घरची माणसे त्याला तळ्यात सोडून येतात. त्याच्या अंगावर चिलखतासारखी खवले असतात. आपल्याकडचे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. काठ पोखरून त्यात तो अंडी घालतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पश्चिम बंगाल, आंध्र, तामिळनाडू, केरळ अशा अनेक राज्यांतून त्याच्या तक्रारी आल्या आहेत. तसेच ते लाल कानांचे कासव. उत्तर अमेरिकेतले हे कासव रुपयाएवढे असताना विकत मिळते आणि मोठेपणी जेवणाच्या ताटलीएवढे होते. मग कोणी ते देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य मिळाले असे मानतो. पण त्या तळ्यातल्या आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास ते पळवते. एका जीवाला जीवदान देताना दुसऱ्या अनेकांचा घास जात असेल, तर ते पुण्य जमेच्या बाजूला कसे धरावे?

निष्काळजीपणाचे उदाहरण दूरचे आहे; पण शिकण्याजोगे आहे. जहाज रिकामे असताना ते डोलू नये म्हणून त्याच्या पोटात पाणी भरतात आणि माल भरायच्या बंदरात ते ओततात. अशा पाण्यातून काळ्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या बाजूचा एक पट्टेदार शिंपला उत्तर अमेरिकेच्या विशाल सरोवरांत पोचला. 1988 साली तो पहिल्यांदा ध्यानात आला. नखाएवढा हा जीव. पण त्याने शहरांना पाणी पुरवणारे नळ आतून लिंपून बंद केले. त्याची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. होडीच्या तळाशी उरलेल्या ओंजळभर पाण्यातून ती एका सरोवरातून दुसऱ्यात गेली. तेव्हा तिथल्या लोकांनी होडीवाल्यांना तीन शब्द शिकवले: धुवा, निथळा, वाळवा. जहाजांतल्या पाण्यासाठीही 2004 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2017 पासून तो अमलात आला. मुंबईसारखे बंदर ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी ही हकीकत परक्याची समजू नये.

आता कोणी विचारेल, आलेल्या पाहुण्याला घालवायचा काही उपाय नाही का? आहे, पण तो महाग आणि सावकाशीचा आहे. जलपर्णी खाणारे भुंगेरे तिच्या माहेराहूनच शोधून काढण्यात आले. ते दुसऱ्या पिकांना लागत नाहीत ना, याची नीट परीक्षा करून बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 1980 नंतरच्या वर्षांत ते आपल्याकडच्या तलावांत सोडले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही 1990 च्या दशकात त्यांनी चांगले काम केले. पण त्यांना वर्षे लागतात. आणि जिथे गटाराचे पाणी मिसळते, तिथे भुंगेऱ्यांच्या खाण्याहून जलपर्णीची वाढ अधिक वेगाने होते. कारण आपले सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेले खत हेच तिचे अन्न. आपण एका हाताने तिला उपसतो आणि दुसऱ्या हाताने जेवू घालतो. दर उन्हाळ्यात नगरपालिका यंत्रे लावतात, पैसा ओततात. पावसाळ्यात उरलेली जलपर्णी वाहून जाते आणि आपण सुस्कारा टाकतो. ती वाहून गेली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. ती पुढच्या गावाला पोचली, एवढेच.

म्हणून उपसण्यापेक्षा येऊ न देणे हाच खरा उपाय. आणि तो सरकारच्या हातात जितका आहे, त्याहून अधिक तुमच्या-माझ्या हातात आहे. 2022 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा उपद्रवी परकीय जातींची आयात, विक्री व बाळगणे यांवर नियम घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ठीक आहे. पण कायद्याचा शिपाई आपल्या परसामागच्या ओढ्यावर उभा राहणार नाही.

तेव्हा काही साध्या गोष्टी सांगतो. काचेच्या पेटीतला मासा, कासव, गोगलगाय किंवा पाणवनस्पती नदीत, तळ्यात, विहिरीत कधीही सोडू नका. नकोसा मासा दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. कासवाविषयी वनखात्याकडे चौकशी करा. पेटीतले पाणीसुद्धा ओढ्याला न लावता झाडांच्या आळ्यात ओता. घरच्या कुंडीतली, हौदातली पाणवनस्पती टाकायची असेल तर आधी फरशीवर कडक उन्हात पुरती वाळवा, मग खतात घाला. मासेमारी करणाऱ्यांनी एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना जाळे झटकावे, धुवावे, वाळवावे. होडीतले आणि बादलीतले पाणी जिथले तिथेच ओतावे. मत्स्यबीज खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावे. आणि गावच्या तळ्यात जलपर्णीची चार रोपे दिसली, तर चारशे होण्याची वाट पाहू नका. फूल धरण्यापूर्वी, मुळासकट, त्याच आठवड्यात काढा, आणि पुराचे पाणी पोचणार नाही इतक्या लांब नेऊन टाका. चार रोपे एक शाळकरी पोरही काढू शकते. चारशेंना माणसे लागतात. त्यापुढे सरकारची यंत्रेसुद्धा अपुरी पडतात.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्षातून एकदा मुलांना गावच्या पाणवठ्यावर न्या. मरळ कोणती, वांब कोणती, शिंगटा कोणता, हे त्यांना गावातल्या जाणत्या भोई माणसाकडून ऐकू द्या. घरचे कोण हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच परका चटकन ओळखता येतो.

आमच्या तलावाचे सांगून संपवतो. तो आज पुष्कळसा मोकळा आहे. पुरता मोकळा नाही. दर पावसाळ्यात गाळातून काही रोपे उगवतात आणि दर पावसाळ्यात कोणीतरी ती काढावी लागतात. तात्या आता थकले आहेत. जाळे त्यांचा नातू टाकतो. दिवाळीच्या सुटीत मी गावी जातो, तेव्हा आम्ही दोघे मिळून काठाने एक फेरी मारतो, आणि दिसेल ते रोप उपटतो. दोन रोपे पिशवीत घालायला मला एक मिनिट लागले होते. ती परत काढण्याचे काम वीस वर्षे चालू आहे.

आपल्या हातात अशी पिशवी किंवा असे घमेले असेल, तर ओढ्याकडे वळण्यापूर्वी एकदा थांबा, एवढेच माझे मागणे.